‘वाचावेसेच वाटत नाही’ : एका संशोधक विद्यार्थिनीची तक्रार

‘पूर्वीसारखी विद्येची ओढ आता राहिली नाही’ ही तक्रार माझ्याकडे समुपदेशनासाठी बहुधा पालक आपल्या मुलांविषयी घेऊन येतात. स्वतःविषयी ती करणारी व्यक्ती क्वचितच येते. गेल्या वर्षी आलेली एकतीस वर्षांची एक संशोधक विद्यार्थिनी मात्र त्यासाठीच आली होती. (तिच्या संमतीने लिहीत आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) पेशवाईतील मोडी कागदपत्रांवर तिचे पीएच.डी.चे काम चालू होते आणि पोटापाण्यासाठी ती दोन महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवत होती. “मॅडम, पुस्तक उघडले की पोटात गोळा येतो. माझे या विषयावर प्रेम नव्हतेच, इतकी वर्षे मी सोंग केले, असे वाटते,” असे तिने पहिल्याच भेटीत सांगितले. झोप, भूक, इतर गोष्टींतला रस यांविषयी मी सविस्तर विचारले. नैराश्याची लक्षणे आढळली असती तर उपचारांची वाट वेगळी धरावी लागली असती, पण तसे काही दिसले नाही.

तिचा मापदंड आजोबांनी सांगितलेल्या गोष्टींतून आला होता. गावोगावची दप्तरे धुंडाळून 1898 पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने छापणारे वि. का. राजवाडे, मुंबईत वकिली करता करता, एका ग्रंथाच्या प्रस्तावनेसाठी जुळवलेल्या मजकुरातून 1930 ते 1962 या काळात धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड उभे करणारे पां. वा. काणे. अशा माणसांशेजारी स्वतःला उभे करून ती रोज नापास होत होती.

‘ती माणसे असामान्य होती’ एवढे सांगून अशी तुलना सुटत नाही, असा माझा अनुभव आहे. तिच्यातले गाळलेले तपशील भरावे लागतात. भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे, म्हणजे अनेक हस्तलिखिते ताडून पाठ ठरवण्याचे, काम 1919 मध्ये हाती घेतले आणि ते 1966 मध्ये पुरे झाले. तिचे प्रमुख संपादक वि. सी. सुकथनकर 1943 मध्येच वारले, पण त्यांना कोणी अपयशी म्हणत नाही. त्या कामालाही औंधच्या राजांसारख्यांचा पैशाचा आधार लागला होता. मग मी विचारले, “आजोबांच्या या गोष्टींत आजी कुठे असायच्या?” ती बराच वेळ गप्प राहिली. आजीची शाळा चौथीनंतर सुटली होती आणि आजोबांकडे ग्रंथ पाहायला येणाऱ्यांची जेवणे तिनेच रांधली होती. पंडिता रमाबाईंच्या वडिलांनी, अनंतशास्त्री डोंगरे यांनी, पत्नीला संस्कृत शिकवायला घेतले तेव्हा त्यांना विरोध सोसावा लागला, हे तिला पाठ होते. पण तो इतिहास आपल्या घराला कधी लावून पाहावा, असे तिला सुचले नव्हते.

एवढ्याने तिचा पोटातला गोळा जाणार नव्हता, कारण तिची अडचण खरी होती. मी तिला दोन आठवडे एक नोंदवही ठेवायला सांगितली : काय वाचले, किती वेळ, आणि कोणासाठी. नोंदींमध्ये प्रगती अहवाल होते, वाङ्मयचौर्य तपासणीसाठी फिरवून लिहिलेले परिच्छेद होते आणि एका परिषदेसाठी घाईने उरकलेला निबंध होता. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 च्या नियमावलीत पीएच.डी.साठी शोधनिबंध छापण्याची सक्ती काढून टाकली, तरी प्राध्यापकपदाच्या निवडीत प्रकाशनांना गुण असतातच, म्हणून धावपळ थांबलेली नव्हती. हे सगळे वाचन, माझ्या मते, वसुलीचे होते.

एकच नोंद निराळी होती : ‘रात्री 11 ते 12:40. कोणासाठी नाही.’ एका पत्रावर चैत्र महिना आणि ‘इहिदे सबैन मया व अलफ’, म्हणजे शुहूर सन (जुन्या मराठी कागदपत्रांतली, अरबी अंकशब्दांत लिहिली जाणारी कालगणना) 1171, असा काळ होता. अभिलेखागाराच्या यादीत मात्र त्याचे इसवी वर्ष 1770 लावलेले होते. शुहूर वर्ष मृग नक्षत्राला सुरू होते, त्यामुळे त्या वर्षातला श्रावण 1770 मध्ये पडतो, पण चैत्र 1771 मध्ये, हे तिच्या ध्यानात आले आणि ती जवळजवळ पावणेदोन तास त्या कागदावरून उठली नाही. हे सांगताना तिचा आवाज बदलला होता. पोटात गोळा आला होता का, असे विचारल्यावर ती हसली आणि म्हणाली, “तेव्हा पोट आठवलेच नाही.”

पुढच्या भेटींत आम्ही व्यवहाराचे बोललो. एका महाविद्यालयातले तास कमी करणे तिला परवडणारे नव्हते, परिषदांचे निबंध कमी करणे परवडणारे होते. मार्गदर्शकांशी ते कसे बोलायचे, याचा आम्ही सराव केला. त्यांनी कुरकुर केली, पण मान्य केले. बुधवारची सकाळ अभिलेखागारासाठी राखली आणि त्या वेळेचा हिशेब नोंदवहीतही मांडायचा नाही, असे ठरले. अहवाल लिहिताना गोळा अजूनही येतो.

यादीतल्या चुकीविषयी तिने अभिलेखागाराला अर्ध्या पानाचे टिपण दिले आहे. त्याचे उत्तर अजून आलेले नाही. तिने दरम्यान पुढचा रुमाल, कागदांचा कापडात बांधलेला गठ्ठा, सोडला आहे.