वाचकांचे प्रश्न : हीटसिंक नंतर बघू, आधी व्होल्टेज किती येतंय ते सांगा

प्रश्न : नमस्कार सर, टीडीए ७२९४ या ॲम्प्लिफायर आयसीचा स्टिरिओ ॲम्प्लिफायर बनवलाय. ट्रान्सफॉर्मर २४-०-२४ चा आहे, स्पीकर ४ ओहमचे. आवाज एकदम मस्त येतो पण अर्ध्या तासात हीटसिंकला (आयसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या ठोकळ्याला) हात लावता येत नाही आणि मोठ्या आवाजात एक चॅनल बंद पडतो, थोड्या वेळाने आपोआप सुरू होतो. मीटरवर प्लस-मायनस ३७ व्होल्ट दिसतात. २४ चे ३७ कसे काय झाले? आणि मोठा हीटसिंक लावला तर हे थांबेल का?

उत्तर : आधी ३७ चं बघू. ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेले २४ व्होल्ट हे एसीचे आरएमएस (परिणामी) व्होल्टेज असतात, ब्रिजनंतर, म्हणजे एसीचे डीसी करणाऱ्या डायोडनंतर, कपॅसिटर मात्र पीकपर्यंत (लाटेच्या टोकापर्यंत) चार्ज होतो आणि पीक म्हणजे आरएमएसच्या १.४१४ पट, म्हणजे ३४ च्या आसपास, त्यातून डायोडचा एखादा व्होल्ट गेला की ३३. पण ट्रान्सफॉर्मरवरचा आकडा फुल लोडचा असतो, लोड नसताना तोच ट्रान्सफॉर्मर सहज दहा टक्के जास्त देतो, छोटा असेल तर त्याहूनही जास्त, म्हणून तुम्हाला ३७ दिसतायत. त्यात घरातली लाईन दहा टक्के वर गेली की ४० पार, आणि टीडीए ७२९४ ची चालू अवस्थेतली मर्यादाच प्लस-मायनस ४० आहे. म्हणजे तुम्ही अगदी काठावर चालताय.

पण तुमचा चॅनल बंद पडतोय तो यामुळे नाही. तो पडतोय ४ ओहमच्या स्पीकरमुळे. अशा क्लास एबी प्रकारच्या ॲम्प्लिफायरमध्ये आयसीत जास्तीत जास्त किती उष्णता तयार होईल याचा हिशोब सोपा आहे : एकूण सप्लायचा वर्ग (प्लस आणि मायनस मिळून) भागिले (साधारण २० गुणिले स्पीकरचे ओहम). लोडवर तुमचा सप्लाय ३४ पर्यंत खाली येतो असं धरू, एकूण ६८, त्याचा वर्ग ४६२४, भागिले ८०, आले जवळजवळ ५८ वॉट, ते पण एका आयसीत. आता या आयसीच्या आतल्या चिपपासून मागच्या पत्र्यापर्यंत दर वॉटला दीड डिग्रीपर्यंत फरक पडतो, मायका (आयसी आणि हीटसिंकमधली इन्सुलेशनची पातळ चकती) आणि पेस्टचा अर्धा डिग्री धरा, झाले २ डिग्री प्रति वॉट. ५८ वॉटला ११६ डिग्री. म्हणजे हीटसिंक ४० डिग्रीवर राहिला तरी आतली चिप १५६ वर जाते आणि हा आयसी १४५ च्या आसपास स्वतःला म्यूट करतो. थोडक्यात, हीटसिंक दरवाजाएवढा लावला तरी उपयोग नाही, कारण अडचण हीटसिंकच्या अलीकडेच आहे!

हा हिशोब सतत वाजणाऱ्या टोनचा, तोही सर्वात वाईट पातळीवरचा, हे खरं आहे. गाणं वाजताना सरासरी याच्या बरीच खाली असते म्हणून तुमचा अर्धा तास तरी निघतो. आणि एक गंमत म्हणजे सर्वात जास्त तापण्याची वेळ फुल आवाजाला नसतेच, ती साधारण ४० टक्के पॉवरला असते, त्यामुळे 'मी कधी फुल करतच नाही' असं म्हणणाऱ्यांचाच ॲम्प्लिफायर जास्त तापलेला असतो.

मुख्य उपाय म्हणजे व्होल्टेज कमी करा. ४ ओहमला या आयसीच्या डेटाशीटमध्ये (कंपनीच्या माहितीपत्रकात) सततच्या पॉवरचे आकडे प्लस-मायनस २७ व्होल्टचे दिलेत, ३५ चे आकडे ८ ओहमसाठी आहेत, हे लोक वाचतच नाहीत. २७ वर तोच हिशोब करा : ५४ चा वर्ग २९१६, भागिले ८०, साधारण ३७ वॉट. आता चिप पत्र्यापेक्षा ७४ डिग्री वर, म्हणजे हीटसिंकला श्वास घ्यायला जागा उरली, प्रत्येक आयसीला दर वॉट १ डिग्रीच्या आसपासचा हीटसिंक पुरतो. १८-०-१८ चा ट्रान्सफॉर्मर घ्या, फार तर २०-०-२०. आवाज कमी होईल का? ३४ वरून २७ वर आलात की २ डेसिबल जातात, फक्त २, कान लावून ऐकाल तर कळेल. ट्रान्सफॉर्मर बदलायचा नसेल तर ८ ओहमचे स्पीकर लावा, उष्णता थेट निम्मी होते. पण लाईन वर जाण्याची भीती मग तशीच राहते.

प्रश्न : ट्रान्सफॉर्मर आधीच घेऊन ठेवलाय, व्होल्टेज जास्त येतंय. मध्ये एलएम ३१७ (व्होल्टेज रेग्युलेटर आयसी) किंवा रेझिस्टर टाकून कमी करता येईल का?

उत्तर : रेझिस्टर नको. ॲम्प्लिफायरचा करंट गाण्याबरोबर सारखा वरखाली होतो, त्यामुळे शांत वेळी व्होल्टेज जवळपास पूर्ण येणार आणि ढोल वाजला की कोसळणार, म्हणजे नको तेव्हा जास्त आणि हवं तेव्हा कमी. एलएम ३१७ दीड अँपिअरचा, तो इथे पुरणार नाही, आणि मोठा रेग्युलेटर केला तरी १० व्होल्ट गुणिले ३ अँपिअर म्हणजे ३० वॉट आता रेग्युलेटरमध्ये तापणार, उष्णता गेली कुठे, शेजारच्या हीटसिंकवर. दोन-तीन व्होल्टच उतरवायचे असतील तर ब्रिजनंतर प्रत्येक रेलमध्ये (प्लस आणि मायनस अशा दोन्ही सप्लाय लाईनमध्ये) जाड डायोड ओळीने टाकतात, एकाला साधारण ०.७ ते १ व्होल्ट, ते चालतं.

ट्रान्सफॉर्मर टोरॉइड (गोल कड्याच्या आकाराचा) असेल तर त्याहून छान रस्ता आहे. वरून इन्सुलेटेड वायरचे दहा वेढे गुंडाळा, त्यावर किती एसी व्होल्ट येतात ते मोजा, म्हणजे एका वेढ्याला किती ते कळलं. मग हवे तेवढे वेढे दोन्ही बाजूंच्या सेकंडरीला वेगवेगळे, उलट दिशेने सिरीजमध्ये जोडा, तेवढे व्होल्ट वजा होतात आणि वाया काही जात नाही. वायर सेकंडरीइतकीच जाड हवी. दिशा चुकली तर व्होल्टेज वाढेल, म्हणून ॲम्प्लिफायर न जोडता आधी मोजून बघा. प्लग काढल्याशिवाय हात घालू नका आणि फिल्टर कपॅसिटर डिस्चार्ज केल्याशिवाय तर नाहीच.

प्रश्न : माझा आयसी गाणं न लावताच गरम होतो, इनपुट शॉर्ट केलं तरी. आयसी डुप्लिकेट असेल का?

उत्तर : असू शकतो, पण तो संशय शेवटी घ्या. टीडीए ७२९४ शांत असताना साधारण ३० मिलिअँपिअर खातो, एकूण ७० व्होल्टवर म्हणजे २ वॉट, त्याने हीटसिंक फक्त कोमट व्हायला हवा. हात भाजत असेल तर बहुतेक वेळा आयसी ऑसिलेट होतोय, म्हणजे इनपुट नसताना स्वतःच सिग्नल तयार करतोय, इतक्या वरच्या फ्रिक्वेन्सीला की कानाला काही येत नाही आणि साध्या मीटरलाही दिसेलच असं नाही. सप्लाय पिनपासून अगदी जवळ ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर आहेत का बघा, लांबच्या वायरने जोडलेले चालत नाहीत. आउटपुटपासून ग्राउंडला १० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड सिरीजमध्ये टाकून बघा. इनपुटची वायर शिल्डेड हवी आणि स्पीकरच्या वायरपासून लांब. स्पीकर काढून आउटपुटवर डीसी पण मोजा, काही मिलिव्होल्ट ठीक, एखादा व्होल्ट असेल तर स्पीकर परत जोडू नका.

प्रश्न : हीटसिंक कॅबिनेटला टेकला की ठिणगी उडते आणि फ्यूज जातो. पेस्ट भरपूर लावलीय.

उत्तर : पेस्टने इन्सुलेशन होत नाही. टीडीए ७२९४, २०५०, २०३०, एलएम १८७५, या सगळ्यांचा मागचा पत्रा निगेटिव्ह सप्लायला जोडलेला असतो, म्हणजे तुमचा हीटसिंकच मायनस ३५ व्होल्टवर बसलाय आणि कॅबिनेट ग्राउंडला. मायका टाका, स्क्रूला प्लॅस्टिकचा बुश टाका, मग मीटरने पत्रा ते हीटसिंक कंटिन्युइटी नाही ना ते तपासा. पेस्ट भरपूर नको, मायकाच्या दोन्ही बाजूंना पातळ थर, तिचं काम फक्त फटी भरायचं आहे. हीटसिंकचे पंख उभे ठेवा, वर-खाली कॅबिनेटला भोकं पाडा. आणि फ्यूज गेला म्हणून मोठा फ्यूज टाकू नका, पहिल्यांदा चालू करताना ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला सिरीजमध्ये ६० वॉटचा साधा फिलामेंटचा बल्ब लावा, क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, पेटलेलाच राहिला तर लगेच बंद करा, कुठेतरी शॉर्ट आहे.