शेवटी 5, तरी सम?

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. द्विमान पद्धती (फक्त 0 आणि 1 वापरून संख्या लिहिण्याची) शिकल्यापासून तो दिसेल ती संख्या भलत्याच आधारात, म्हणजे दहाऐवजी दुसऱ्याच संख्येचे गट करून, लिहीत बसतो. परवा त्याने 12 ही संख्या सातच्या आधारात 15 अशी लिहिली आणि विचारलं, “शेवटी 5 आहे, मग ही विषम झाली ना?” आधार बदलला की सम संख्या विषम होते का? आणि मूळ संख्यांचं काय?
– एक पालक, सांगली

उत्तर : चिरंजीवांना शाबासकी द्या. प्रश्न चोख आहे.

12 दिवसांना आपण ‘1 आठवडा 5 दिवस’ म्हणतो, तेच हे 15. असं म्हटल्याने दिवस कमीजास्त होत नाहीत. त्यांच्या सहा जोड्या तेव्हाही लागतात. म्हणजे संख्या समच. फसली ती आपली कसोटी.

शेवटचा अंक पाहून सम-विषम ठरवतो ते कशाच्या जोरावर? 10, 100, 1000 या साऱ्या स्थानकिमती सम आहेत, म्हणून एकक सोडून बाकीच्या अंकांकडे बघावंच लागत नाही. हे शाळेत क्वचितच सांगतात. नियम तेवढा पाठ करून घेतात. सातच्या आधारात स्थानकिमती 1, 7, 49, 343 अशा, सगळ्याच विषम. त्यामुळे तिथे प्रत्येक अंकाची दखल घ्यावी लागते : अंकांची बेरीज सम, तर संख्या सम. 15 मध्ये 1 + 5 = 6, सम. आपली 75 तिथे 135 होते. बेरीज 9, म्हणून विषम. तीन, पाच, नऊ, कुठलाही विषम आधार घ्या, हीच कसोटी चालते.

ही बेरीज आणखी एका कामाची आहे. आपल्याकडे ती 9 ने भाग जातो का ते सांगते, कारण 9 म्हणजे 10 वजा 1. सातच्या आधारात तीच 6 बद्दल सांगते. 135 ची बेरीज 9, तिला 6 ने भागून बाकी 3. आणि 75 ला 6 ने भागलं तरी बाकी 3.

मूळ संख्या कुठेही मूळच. 13 ही सातच्या आधारात 16 दिसते, पण तिचे अवयव काही निघत नाहीत.

मात्र काही गुण लिखावटीचेच असतात. देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (1905–1986) यांना अशा गुणांचा भारी नाद. त्यांचा 6174 हा स्थिरांक दशमान पद्धतीतला : तिचे अंक उतरत्या क्रमाने लावले की 7641, चढत्या क्रमाने 1467; पहिल्यातून दुसरी वजा केली की पुन्हा 6174. हीच संख्या सातच्या आधारात लिहिलीत तर ही गंमत उरत नाही. पण पाचच्या आधारात 3032 घ्या आणि 3320 मधून 0233 वजा करा. हातचा दहाचा नव्हे, पाचाचा! पुन्हा 3032 येईल.

कापरेकरांच्या हर्षद संख्यांचंही तसंच. अंकांच्या बेरजेने जिला निःशेष भाग जातो ती हर्षद. तुमची 12 दशमानात हर्षद आहे (बेरीज 3), सातच्या आधारातही आहे (बेरीज 6). दोनपासून पुढे एकच आधार असा आहे की जिथे ती हर्षद नाही : आठ. तिथे ती 14 होते, बेरीज 5, आणि 12 ला 5 ने भाग जात नाही. कुठल्याही आधारात हर्षदच राहतील अशा संख्या फक्त चार : 1, 2, 4 आणि 6. आधार सहाच्या पुढे गेला की 6 एकाच अंकात मावते आणि बेरीजही 6च राहते, त्यामुळे 6 साठी मुलाला 2 ते 6 एवढेच आधार तपासायला सांगा.