बोट कुठल्या पाण्यात सोडणार, ते आधी ठरवा

प्रश्न : काका, माझा मुलगा नववीत आहे. उन्हाळ्यात भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाताना त्याने टगबोट बघितली आणि तेव्हापासून रिमोटवर चालणारी टग स्वतः बनवायची हेच डोक्यात आहे. दिवाळीत किट घेऊन देऊ असं आम्ही कबूल केलंय, पंधरा हजार बाजूला ठेवलेत. दुकानात गेलो तर दुकानदार स्पीडबोटच दाखवतो, बॉक्स उघडा आणि पाण्यात सोडा म्हणतो. ऑनलाइन लाकडी किट आवडलं पण खाली बारीक अक्षरात लिहिलंय की मोटर, बॅटरी, रेडिओ वेगळं घ्या. घरात यातलं कोणालाच काही येत नाही. काय घ्यावं?
— एक आई, मुलुंड

उत्तर : ताई, मुलगा बरोबर बोलतोय, टगच घ्या. दुकानदार दाखवतो तसल्या ब्रशलेस मोटरच्या स्पीडबोटी तासाला तीस किलोमीटर आणि त्याच्याही वर जातात. तीस धरलं तरी सेकंदाला आठ मीटर झाले, म्हणजे पंचवीस मीटरचा स्विमिंग पूल तीन सेकंदांत संपतो आणि समोर दगडी काठ असतो, नवीन हाताला वळवायचं सुचेपर्यंत बोट आपटलेली असते. टग माणसाच्या चालीने जाते, तोच पूल पार करायला तिला वीस-पंचवीस सेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात मुलाला विचार करता येतो. शिवाय टगचं अंग रुंद आणि पोट खोल, त्यामुळे बॅटरी अगदी तळाशी बसते, बोट सहसा कलंडत नाही, आणि वरची केबिन अख्खी उचलता येत असेल तर आत हात घालून काम करायला भरपूर जागा मिळते. खऱ्या टगसुद्धा एवढाल्या जहाजांना हळूहळू ढकलत-ओढतच गोदीत आणतात, वेग हे तिचं काम नाहीच.

पण किट बघायच्या आधी पाणी बघा. कुठे सोडणार? मुंबईत हाच प्रश्न सगळ्यात अवघड आहे आणि बरेच जण तो बोट तयार झाल्यावर विचारतात. पवईत जलपर्णी आहे, मगरीही आहेत, ते नाव पहिल्या यादीतून काढाच. तुम्हाला ठाण्याचे तलाव जवळ, पण जिथे लोकांना बोटिंगला नेतात तिथे त्या वेळात सोडायची नाही, आणि कुठेही गेलात तरी आधी वॉचमनला नाहीतर ऑफिसात विचारून घ्या. विसर्जनानंतर तर महिनाभर थांबाच, तलावात दोरे, कापडाच्या चिंध्या, निर्माल्य तरंगत असतं आणि त्यातला एक दोरा बोटीच्या पंख्याला, म्हणजे प्रोपेलरला, गुंडाळला की मोटर जाम होऊन तापते. सोसायटीचा पूल मिळाला तर सोनंच, कमिटीला सकाळची अर्धा तासाची वेळ मागून बघा.

आता किट. लाकडी म्हणजे बरगड्यांवर एकेक पट्टी चिकटवत हल, म्हणजे बोटीचं खालचं अंग, तयार करायचा प्रकार असेल तर तो पहिल्या वेळेला नको, सुंदर असतो पण महिनोन्‌महिने लागतात आणि मुलं मध्येच सोडून देतात, मी हे खूप वेळा बघितलंय आणि दरवेळी वाईट वाटतं. हल आयता साच्यातून काढलेला, एबीएस प्लास्टिकचा किंवा फायबरचा, आणि डेक-केबिन आपण जोडायची, असं किट शोधा. लांबी पन्नास ते सत्तर सेंटिमीटर. त्याहून लहान बोटीत वजनाचं गणित फार नाजूक होतं आणि जरा वारा आला की ती हलायला लागते, मोठी घेतली तर रिक्षात मांडीवर मावत नाही आणि लोकलमध्ये तर विचारूच नका.

पंधरातले निम्मे पैसे बॉक्सबाहेरच्या गोष्टींना ठेवा, हे मी कळकळीने सांगतोय, कारण सगळे पैसे किटमध्ये गेले की ती बोट कपाटावर जाऊन बसते. दोन चॅनलचा २.४ गिगाहर्ट्‌झचा रेडिओ लागेल, एक चॅनल मोटरला आणि एक रडरला म्हणजे सुकाणूला, त्यासाठी एक साधा सर्वो, म्हणजे सुकाणू वळवणारी छोटी मोटर. मोटर साधी ब्रशवाली घ्या आणि तिचा वेग कमी-जास्त करणारा स्पीड कंट्रोलर रिव्हर्सवाला, टगला मागे जाता आलंच पाहिजे. बॅटरी निकेल मेटल हायड्राइडची, ७.२ व्होल्ट, ३००० एमएएच घ्या, मोटर तीन अँपिअर ओढत असेल तर तासभर चालते. लायपो, म्हणजे लिथियम पॉलिमरची बॅटरी, आत्ता नको, तिचा प्रत्येक सेल तीन व्होल्टच्या खाली गेला की खराब होतो आणि चार्जिंगला लावून झोपून जायची ती वस्तू नाही. मोटर, सर्वो, कनेक्टर हे लॅमिंग्टन रोडला फिरलात तर मिळून जाईल, मुलाला सोबत न्या, चार दुकानं विचारता विचारता तो अर्धं शिकेल.

बनवताना एकच गोष्ट घाईत करू नका, डेक चिकटवणं. माझ्या पहिल्या बोटीत मोटर आणि शाफ्ट, म्हणजे मोटरपासून पंख्यापर्यंत जाणारा दांडा, एका रेषेत नव्हते, मी ते न तपासता डेक चिकटवला, पाण्यात सोडल्यावर खडखड आवाज आणि बॅटरी पंधरा मिनिटांत खाली, शेवटी डेक कापून काढावा लागला. म्हणून आधी पंखा बोटाने फिरवून बघा, कुठेही अडकता कामा नये. शाफ्टच्या नळीत ग्रीस भरा आणि नळीचं आतलं तोंड पाण्याच्या रेषेच्या वर राहील असं बसवा, नाहीतर पाणी त्याच नळीतून आत चढतं. मग डेक न लावताच मोठ्या टबात बोट तरंगवा आणि वजन टाकत टाकत बरोबर रेषेपर्यंत बुडवा. जाळ्याला लावतात ते शिशाचे मणी यासाठी छान, फक्त तळाशी घट्ट चिकटवा म्हणजे बोट कलली की घरंगळणार नाहीत, आणि शिसं हाताळलं की हात साबणाने धुवा.

पहिल्या दिवशी आधी रिमोट चालू, मग बोट, बंद करताना उलट. २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी पाण्यातून जात नाहीत म्हणून बोटीतल्या रिसीव्हरची, म्हणजे रिमोटचा सिग्नल पकडणाऱ्या डबीची, अँटेना पाण्याच्या रेषेच्या वर हवी, आणि सिग्नल तुटला तर मोटर थांबेल असं फेलसेफ लावून ते काठावरच रिमोट बंद करून तपासा. बोट आपल्याकडे यायला लागली की डावं-उजवं उलटं वाटतं, मी मुलांना सांगतो की आपण त्या केबिनमध्ये बसलोय असं समजा, आठवड्याभरात हाताला बसतं. आणि हो, मुलाला हेही सांगा की १८९८ मध्ये निकोला टेस्लाने न्यूयॉर्कला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये लोकांसमोर रेडिओवर चालवून दाखवली ती बोटच होती.

प्रश्न : नमस्कार. मी निवृत्त आहे, दहा बाय बाराच्या खोलीत दोघं राहतो. किट महाग वाटतात, स्वतःच प्लायमधून बनवता येईल का? आणि समुद्र समोरच आहे तर चौपाटीवर चालवली तर?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : साहेब, जरूर बनवा. स्प्रिंगर नावाचा टगचा एक सोपा आराखडा आहे, जगभर क्लबवाले त्यावर बोटी बनवतात, लांबी अठरा इंच आणि रुंदी आठ, जवळजवळ डब्यासारखा आकार, पॉलिश पेपर आणि हातकरवत एवढ्यावर होतो, जेवणाच्या टेबलावर मावतो. प्लाय मरीनच घ्या. नेहमीचा पांढरा फेव्हिकॉल पाण्यात सुटतो, त्याचा मरीन प्रकार मिळतो तो घ्या नाहीतर अराल्डाइट. आतून, विशेषतः प्लायच्या कापलेल्या कडांना, एपॉक्सीचा, म्हणजे पाणी आत शिरू न देणाऱ्या रेझिनचा, हात द्या, बाहेरून रंग देतोच आपण पण सडतं ते आतूनच. लॅकर रंग असेल तर पावसाळ्यात देऊ नका, दमट हवेत तो पांढरट पडतो, ऑक्टोबर संपू द्या.

चौपाटी मात्र नको. गुडघाभर उंचीची लाटसुद्धा फूटभर उंचीच्या बोटीला उलटी करते, ओहोटीची ओढ मोटरपेक्षा जास्त असते, आणि खारं पाणी शाफ्ट, मोटर, कनेक्टर सगळं खाऊन टाकतं. कधी खाऱ्या पाण्यात गेलीच तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवून, सुकवून, पुन्हा ग्रीस भरा.

प्रश्न : आमची बोट तलावाच्या मधोमध बंद पडली, भाऊ पोहत जाऊन घेऊन आला, आई खूप ओरडली. दुसरा काही उपाय आहे का?
— एक विद्यार्थिनी, वांद्रे

उत्तर : आई ओरडली ते योग्यच केलं, बेटा. तळाशी गाळ किती, काचा किती, आपल्याला दिसत नाही, पाय रुतला तर पट्टीचा पोहणारासुद्धा अडकतो. टेनिस बॉलला भोक पाडून त्यातून मासेमारीची नायलॉन दोरी ओवा, गाठ पक्की मारा, पन्नासेक मीटर दोरी रिळावर गुंडाळून बॅगेतच ठेवा. बॉल बोटीच्या पलीकडे फेकायचा, बोटीवर नाही, मग हळूहळू ओढत आणायचा म्हणजे दोरी बोटीला अडकून तिला घेऊन येते. वारा काठाकडे असेल तर तेवढंही नको, थांबा, बोट आपोआप काठाला लागते. बाहेर काढलीत की आधी बॅटरी सोडवा आणि मगच पंख्यात काय अडकलंय ते बघा, हाताचं बोट आत घालायच्या आधी.