वाचकांचे प्रश्न: केमोथेरपी चालू असताना पोट कसे सांभाळावे?

प्रश्न : माझे सासरे ६३ वर्षांचे आहेत. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाल्यावर आता दर २१ दिवसांनी सलाइनमधून ऑक्झॅलिप्लॅटिन आणि त्यासोबत १४ दिवस कॅपेसिटाबिनच्या गोळ्या चालू आहेत. प्रत्येक सायकलच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांना जुलाब होतात. नातेवाईक म्हणतात, पोटातले चांगले जिवाणू मेले आहेत, तेव्हा भरपूर दही-ताक, मोड आलेली मटकी आणि गव्हांकुराचा रस द्या. शेजारच्या काकू म्हणतात, दूध-दही पूर्ण बंद करा. आम्ही कोणाचे ऐकावे? (एक वाचक, मिरज)

उत्तर : आतड्याच्या आतल्या अस्तरातील पेशी दर तीन ते पाच दिवसांनी नव्याने तयार होत असतात, आणि केमोथेरपीची औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवरच घाव घालत असल्यामुळे कर्करोगाच्या पेशींबरोबर हे अस्तरही सोलवटून निघते. जिवाणूंचा समतोल बिघडतो हे खरे. पण जुलाबाच्या दिवसांत बाहेरून जिवाणू पोटात घालण्यापेक्षा अस्तर भरून येऊ देणे, गेलेले पाणी व मीठ परत देणे आणि वजन उतरू न देणे ही कामे आधी करायची आहेत. निरोगी माणसाला जे पदार्थ पोटासाठी उत्तम, तेच या आठवड्यात त्रासदायक ठरू शकतात.

म्हणून जुलाब चालू असताना मऊ भात आणि पातळ मुगाचे वरण, मीठ घातलेली भाताची पेज, उकडलेला बटाटा, शिजवलेला दुधी, पिकलेले केळे, साल काढून वाफवलेले सफरचंद असे पदार्थ थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा द्यावेत. केळ्यातील आणि सफरचंदातील विरघळणारा चोथा (फायबर) पाणी धरून ठेवतो व शौच घट्ट होण्यास मदत करतो. भाकरी, कोंडा, कच्ची कोशिंबीर आणि पालेभाज्यांचे देठ यांतील न विरघळणारा चोथा मात्र सोलवटलेल्या आतड्याला टोचतो. जुलाब थांबल्यावर तीन-चार दिवसांत भाकरी आणि भाज्या हळूहळू ताटात परत आणाव्यात, कारण उरलेल्या जिवाणूंचे अन्न तेच आहे. घाबरून महिनोन्महिने पेज-भातावरच राहिलेले रुग्ण मी पाहते, तेव्हा फार वाईट वाटते. उपचार चालू असताना दर किलो वजनामागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ५५ किलोच्या माणसाला साधारण ६५ ते ८० ग्रॅम. एका अंड्यातून सुमारे सहा ग्रॅम आणि ३० ग्रॅम कोरड्या डाळीतून सुमारे सात ग्रॅम मिळतात, हे लक्षात घेतले तर नुसत्या पेजेने ही गरज का भागत नाही ते कळेल. पूर्ण शिजलेले अंडे, दाटसर वरण आणि चालत असेल तर वाफवलेला मासा रोजच्या जेवणात असू द्या.

दुधाबाबत काकूंचे म्हणणे बऱ्याच अंशी बरोबर आहे. दुधातील साखर पचवणारे द्रव्य आतड्याच्या वरच्याच थरात असते. तो थर गेला की काही काळ दूध पचत नाही, पोट फुगते आणि जुलाब वाढतात. दह्यात ही साखर कमी असल्यामुळे ते अनेकांना सोसते, पण येथे रक्ताचा रिपोर्ट पाहावा लागतो. न्यूट्रोफिल या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी फार कमी झाल्या असतील, विशेषतः घनमिलिमीटरला ५०० च्या खाली, तर घरी विरजलेले दही-ताक तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. तोंडाला ताकाची चव हवीच असेल तर पातळ कढी करावी. ती उकळलेली असते. पेशींची संख्या ठीक असेल तर ताजे, आंबट न झालेले ताक चालते, मात्र फ्रिजमधले नको. ऑक्झॅलिप्लॅटिन घेतल्यावर काही दिवस थंड पदार्थाने घशात आणि बोटांत झिणझिण्या येतात. पाणीसुद्धा कोमटच असावे.

मटकीला मोड आणणारी ऊब आणि ओल जंतूंनाही तितकीच मानवते, त्यामुळे मोड आलेले कडधान्य कच्चे किंवा अर्धकच्चे देऊ नये. पोट बरे झाल्यावर नीट शिजवलेली उसळ द्यावी. गव्हांकुराचा रस कच्चाच पितात, म्हणून तो टाळा. केवळ पेशी कमी आहेत म्हणून सर्व फळे बंद करण्याचे कारण नाही. सरसकट कडक पथ्याने जंतुसंसर्ग कमी होतो असे अभ्यासांत दिसलेले नाही. फळे स्वच्छ धुऊन साल काढणे, अन्न ताजे शिजवून गरम वाढणे आणि वाढणाऱ्याने हात धुणे याला खरे महत्त्व आहे.

गेलेले पाणी व मीठ भरून काढणाऱ्या ओआरएस पावडरचे मोठे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच मिसळावे, अर्ध्या ग्लासात चिमूटभर नव्हे. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. शहाळ्यात सोडियम कमी असते, त्यामुळे त्याने ओआरएसची जागा भरून निघत नाही.

एक गोष्ट अगदी मनापासून सांगते. नेहमीपेक्षा चार किंवा अधिक वेळा शौचास जावे लागले, रात्री उठावे लागले किंवा शौचात रक्त दिसले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, कारण अशा वेळी कॅपेसिटाबिनच्या गोळ्या थांबवाव्या लागतात. ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरेनहाइट झाला तर रात्र असली तरी रुग्णालयात न्या.

प्रश्न : आईला वेदनेवरचे मॉर्फिन आणि उलटीवरची ऑन्डॅनसेट्रॉन ही गोळी चालू आहे. तिला चार-चार दिवस शौचास होत नाही. इसबगोल आणि कोंड्याची भाकरी देत आहोत, तरी फरक नाही. (एक वाचक, अकोला)

उत्तर : ही दोन्ही औषधे आतड्याची हालचाल मंदावतात. हालचालच मंद असताना वरून चोथा घातला तर तो आत साठून घट्ट होतो, म्हणून इसबगोल येथे उपयोगी पडत नाही, थांबवा. मॉर्फिनबरोबर शौच साफ करणारे औषध पहिल्या दिवसापासून द्यायचे असते, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. कोमट पाणी, भिजवलेल्या मनुका, पिकलेली पपई आणि घरातल्या घरात थोडे चालणे यांची जोड द्यावी. पोट ताठ झाले, वायूही सरत नसेल आणि उलट्या होत असतील तर औषध-उपाय काही न करता थेट रुग्णालय गाठा.

प्रश्न : मला इम्युनोथेरपी, म्हणजे प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध लढायला लावणारे उपचार, चालू आहे. प्रोबायोटिक (चांगल्या जिवाणूंच्या) कॅप्सूल आणि गुळवेलीचा काढा घेतल्यास उपचार अधिक लागू पडतील का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : दोन्ही आपल्या मनाने घेऊ नका. मेलेनोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या रुग्णांवरील एक अभ्यास २०२१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. त्यात रोज किमान २० ग्रॅम चोथा खाणाऱ्यांना इम्युनोथेरपीचा अधिक लाभ झालेला दिसला, प्रोबायोटिक घेणाऱ्यांना मात्र तसा लाभ दिसला नाही. हे निरीक्षण आहे, अंतिम सिद्धता नव्हे. तरीही पोट ठीक असेल तर ज्वारीच्या दोन भाकऱ्या, वाटीभर उसळ, दोन्ही वेळा भाजी आणि एक पेरू एवढ्यात तो आकडा सहज गाठता येतो. गुळवेलीबद्दल सांगायचे तर, तिच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांच्या नोंदी मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्येच प्रसिद्ध केल्या आहेत, आणि इम्युनोथेरपीचा ताणही यकृतावर येऊ शकतो.

तुम्हाला जुलाब सुरू झाले तर वरच्या उत्तरातील पेज-केळ्यावर भागवू नका. इम्युनोथेरपीत आपलीच प्रतिकारशक्ती आतड्यावर उलटू शकते. त्यावर स्टेरॉइड वेळेत सुरू करावे लागते आणि शेवटच्या डोसनंतर काही महिन्यांनीही असे होऊ शकते. गावातल्या डॉक्टरांकडे जाताना चालू औषधाचे नाव लिहिलेला कागद सोबत ठेवा आणि तो त्यांना आधी दाखवा.