वर्गाची वजन-उंची घेणार असाल तर

ताई, वर्गशिक्षक म्हणून वजन-उंचीचं काम तुमच्याकडेच येणार, तर एक पक्कं धरा, मुलाचं वजन मोठ्यानं बोलायचं नाही. बऱ्याच शाळांत व्हरांड्यात काटा ठेवतात, एक जण "बेचाळीस" ओरडतो, दुसरा रजिस्टरात लिहितो, मागची अख्खी रांग ऐकते आणि त्या पोराला वर्षभर चिडवतात. काटा कपाटाआड ठेवा, एकेकाला बोलवा, चपला-दप्तर काढायला सांगा आणि आकडा स्वतः लिहा, मॉनिटरच्या हातात रजिस्टर देऊ नका. व्हॉट्सॲप ग्रुपवर वर्गाची यादी टाकायची तर अजिबात नाही हो, पालकांना वेगळं बोलवून सांगा.

बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती याचा आकडा, काढून लगेच जाड-बारीक ठरवू नका. मोठ्यांचा हिशोब मुलांना लागत नाही, वय आणि मुलगा की मुलगी बघून वेगळे तक्ते असतात. शंका आली तर मुलांची तपासणी करायला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, त्यांना दाखवा.

पोषण आहारात पहिली ते पाचवीला ४५० कॅलरी, १२ ग्रॅम प्रोटीन आणि सहावी ते आठवीला ७०० आणि २० असं ठरलेलं आहे, तेवढं ताटात पडतंय का बघा, पण "तू भात कमी घे" असं कुणाला पंगतीत म्हणू नका, प्लीज. बोलायचंच तर गेटवरच्या विक्रीबद्दल बोला. एफएसएसएआय, म्हणजे अन्न सुरक्षा बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या २०२० च्या नियमांनुसार शाळेत आणि गेटपासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी-मीठ-साखरेचे पदार्थ विकता येत नाहीत, हे मुख्याध्यापकांकडे लावून धरा.