वाचक विचारतात: फायर सायडर, शेवग्याचं मूळ आणि निळा पडलेला लसूण

प्रश्न: ताई, आम्ही न्यू जर्सीत असतो. इथली शेजारीण थंडी सुरू व्हायच्या आधी फायर सायडर म्हणून एक जहाल तिखट-आंबट प्रकार बरणीत घालून ठेवते आणि मग हिवाळाभर चमचा चमचा घेते, म्हणते सर्दी जवळ फिरकत नाही. मला पण करून बघायचंय पण नेटवर कोणी म्हणतं उकळा, कोणी म्हणतं बरणी जमिनीत पुरा. नक्की कसं करायचं, आणि खरंच उपयोग होतो का?
*— एक वाचक, एडिसन*

उत्तर: उपयोगाचं आधी सांगते. सर्दी-फ्लू अडवतं असं काही सिद्ध झालेलं नाही. प्यायलं की नाकातून पाणी येतं, डोकं मोकळं झाल्यासारखं वाटतं, आणि कोमट पाण्यातून घेतलं तर खवखवणाऱ्या घशाला बरं वाटतं, पण त्यात मधाचा वाटा मोठा आहे. फ्लूची लस घ्यायची ती घ्याच, हे तोंडाला चव आणणारं झणझणीत पेय म्हणून करा.

प्रकार तसा फार जुना नाही. रोझमेरी ग्लॅडस्टार या अमेरिकन वनौषधीवाल्या बाईंनी कॅलिफोर्नियातल्या त्यांच्या वनौषधींच्या शाळेत तो करायला-शिकवायला सुरुवात केली, शाळा १९७८ची. रेसिपी त्यांनी मुद्दाम सगळ्यांना वाटली, मग घरोघरी व्हायला लागलं, आणि पुढे २०१२मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या एका कंपनीनं चक्क त्या नावाचाच ट्रेडमार्क घेतला. वनौषधीवाले भडकले, प्रकरण कोर्टात गेलं, २०१९मध्ये निकाल लागला की फायर सायडर हे सर्वसाधारण नाव आहे, एकाच्या मालकीचं नाही. उद्या कोणी कैरीच्या लोणच्याचा ट्रेडमार्क घेतला तर आपण तरी गप्प बसू का!

आता कृती. लिटरभराची काचेची बरणी घ्या, स्वच्छ आणि कोरडी. चिनी मातीची जुनी बरणी नको, तिच्या ग्लेझमध्ये शिसं असू शकतं आणि आंबट पदार्थात ते उतरतं. अर्धी वाटी किसलेलं आलं, अर्धी वाटी किसलेलं हॉर्सरॅडिश (मोहरीच्या कुळातलं एक जहाल तिखट मूळ), एक मध्यम कांदा चिरून, आठ-दहा लसूण पाकळ्या ठेचून, दोन तिखट मिरच्या, हवं तर लिंबाची साल, थोडे मिरे, रोझमेरीची काडी. हॉर्सरॅडिश किसताना खिडकी उघडी ठेवा, कांदा काहीच नाही त्याच्यापुढे. आणि किसलं की लगेच व्हिनेगर ओतू नका, दोन-तीन मिनिटं थांबा, कारण त्याचा झणका किसल्यानंतर तयार होतो आणि व्हिनेगर पडलं की ती क्रिया थांबते. मग सगळ्यावर ॲपल सायडर व्हिनेगर ओता, अगदी दोन बोटं वर येईल इतकं. वर डोकावणारा तुकडा हमखास बुरशी धरतो. पत्र्याचं झाकण असेल तर मध्ये बटर पेपर घाला, नाहीतर झाकण गंजतं. उकळायचं नाही, पुरायचं तर मुळीच नाही, कपाटात ठेवा, रोज एकदा हलवा. तीन-चार आठवड्यांनी फडक्यातून घट्ट पिळून गाळा आणि त्यानंतर मध घाला, पाव वाटीपासून सुरू करून चवीप्रमाणे. नंतर फ्रीजमध्ये.

एक गोष्ट मात्र तडजोडीची नाही. बाटलीवर आम्लता ५ टक्के लिहिलेली हवी, आणि त्यात पाणी घालायचं नाही. कांदा, लसूण, आलं ही मातीतली मंडळी, त्यांच्याबरोबर बोटुलिझमचे, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेचे, जंतू येऊ शकतात. पुरेशा आम्लात ते वाढत नाहीत, म्हणून तर लसूण नुसता तेलात घालून बाहेर ठेवणं धोक्याचं आणि व्हिनेगरमध्ये चालतं.

प्रश्न: मुलगी अमेरिकेत असते, तिनं फोनवर ही रेसिपी सांगितली. हॉर्सरॅडिश इथे नाशकात कुठेच मिळत नाही. शेवग्याला इंग्रजीत हॉर्सरॅडिशचं झाड म्हणतात असं वाचलं, आमच्या दारातच शेवगा आहे, तर त्याचं मूळ घालू का? आणि व्हिनेगर कुठलं घेऊ?
*— एक वाचक, नाशिक*

उत्तर: मूळ अजिबात घालू नका. ते नाव पडलं मुळाच्या तिखट चवीमुळे, हे खरं, पण शेवग्याच्या मुळात, विशेषतः सालीत, विषारी द्रव्यं असतात. शेंगा खा, पाला खा, फुलांची भाजी करा, मुळाला हात लावू नका.

त्यापेक्षा तुमच्या डब्यातली मोहरी काढा. हॉर्सरॅडिशचा नाकात जाणारा ठसका आणि मोहरीचा ठसका मुळात एकाच द्रव्याचा, दोन्ही एकाच कुळातले, मुळाही त्यातलाच. लोणच्याला मोहरी फेसतो ना, तशीच दोन चमचे मोहरी भरड वाटून थोड्या थंड पाण्यात दहा मिनिटं फेसून ठेवा आणि नाकाला झोंबायला लागली की बरणीत घाला. गरम पाणी घेतलंत तर झोंबणार नाही, कडवट होऊन बसेल, आणि कोरडी पूड थेट व्हिनेगरमध्ये टाकली तरी फिकीच. जोडीला थोडा पांढरा मुळा किसून टाका. ओली हळद आपल्याकडे थंडीत मिळते तीही घाला, रंग सुरेख येतो, फक्त ओट्यावर सांडू नका.

व्हिनेगरचं म्हणाल तर लेबल वाचा. आपल्याकडे एफएसएसएआयच्या (सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या) नियमानुसार ३.७५ टक्के आम्लता असली तरी व्हिनेगर म्हणून विकता येतं, म्हणून ५ टक्के लिहिलंय का ते बघून घ्या. सिंथेटिक लिहिलेलं असेल तर ते ठेवा चायनीजसाठी. कोणी गोव्याहून माडाचं व्हिनेगर आणून दिलं तर चव अप्रतिम येईल, पण घरगुती बाटल्यांचा आंबटपणा कमीजास्त असतो, त्यामुळे ते यात नको, विंदालूत वापरा.

प्रश्न: यजमानांचं वय ७२, बीपी-शुगरच्या गोळ्या आहेत, रक्त पातळ व्हायची पण आहे. त्यांना दिलं तर चालेल का? नातू आठ महिन्यांचा आहे, त्याला बोटभर चाटवू का?
*— एक वाचिका, सांगली*

उत्तर: नातवाला नाही. यात मध आहे आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध थेंबभरसुद्धा द्यायचा नसतो, त्याच बोटुलिझममुळे.

यजमानांसाठी आधी डॉक्टरांना विचारा, आणि गोळ्यांची चिठ्ठी घेऊन जा. रोज व्हिनेगर घेतलं तर साखर थोडी खाली येऊ शकते, इन्सुलिन चालू असेल तर ते महत्त्वाचं, लघवी वाढवणाऱ्या बीपीच्या गोळीबरोबर पोटॅशियम कमी व्हायची भीती, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना लसणाचा रोजचा जादा डोस नको. फोडणीतला लसूण वेगळा. ज्यांना ॲसिडिटीचा त्रास आहे त्यांनी तर नादी लागूच नये. बाकीच्यांनीही ते पाण्याशिवाय नुसतं घेऊ नये, एक चमचा पेलाभर पाण्यात, जेवणाबरोबर, नंतर चूळ भरायची आणि अर्धा तास तरी ब्रश करायचा नाही, दातांचं वरचं आवरण झिजतं.

प्रश्न: बरणीतला लसूण चक्क निळा-हिरवा झालाय! टाकून देऊ का? आणि गाळल्यावर चोथ्याचं काय करायचं?
*— एक वाचक, पुणे*

उत्तर: टाकू नका. लसणातली गंधकाची संयुगं आम्लात रंग बदलतात, बाकी काही झालेलं नाही. उत्तर चीनमध्ये तर हिवाळ्यात मुद्दाम व्हिनेगरमध्ये घालून लसूण हिरवागार करतात, लाबा लसूण म्हणतात त्याला, आणि नववर्षाला डंपलिंगबरोबर खातात. पृष्ठभागावर केसाळ बुरशी दिसली किंवा कुजका वास आला तर मात्र अख्खी बरणी टाका, वरचं काढून खालचं वापरू नका.

चोथा मिक्सरमधून काढा, भाजलेले शेंगदाणे, मीठ आणि गुळाचा खडा घाला, भाकरीबरोबर चटणी झाली. फ्रीजमध्ये ठेवा आणि आठवड्यात संपवा.