शून्य सेकंदांचे वाचक

परवा ३१ जणांनी वाचले आणि काल फक्त ९ जणांनी, तेव्हा ब्लॉग बंद करावा का, हा आपला प्रश्न वाचला. झोपण्यापूर्वी आणि सकाळी चहाच्याही आधी आकडे पाहण्याची जी सवय आपण वर्णिली आहे, तिच्यात मला २०१५ सालची मीच दिसले. आकडे कोठे पाहावेत हे आपल्याला ठाऊक आहेच, त्यामुळे त्यात शिरत नाही.

मी तेव्हा गावोगावच्या वीरगळांवर, म्हणजे वीरांच्या स्मृतिशिळांवर, आणि बारवांवर, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरींवर, लिहीत असे. गूगल ॲनालिटिक्स या भेटी मोजणाऱ्या साधनाच्या त्या वेळच्या आवृत्तीत माझ्या बऱ्याच लेखांपुढे वाचनाचा वेळ शून्य सेकंद दिसे आणि बाउन्स रेट, म्हणजे एकच पान पाहून परतणाऱ्या भेटींचे प्रमाण, नव्वद टक्क्यांच्या पुढे असे. लोक पान उघडतात आणि त्याच क्षणी पळतात, असा मी अर्थ लावला आणि एका रविवारी दुपारी रागाच्या भरात २३ लेख कायमचे पुसून टाकले. ते साधन एक पान उघडल्यापासून पुढचे पान उघडेपर्यंतचा वेळ मोजते, हे मला पुष्कळ उशिरा कळले. म्हणजे एखाद्याने एकच लेख उघडून वीस मिनिटे मन लावून वाचला, वहीत टिपणे काढली आणि तेथूनच तो निघून गेला, तरी त्याची नोंद शून्य सेकंद अशीच होत असे. माझे सर्वांत चांगले वाचक मी असे हाकलून दिले होते.

लेख पुसले त्याच्या पुढच्याच बुधवारी एका विद्यार्थिनीचा मेल आला, की तिने प्रबंधात दिलेला माझ्या लेखाचा दुवा उघडत नाही. मी त्याच दिवशी माझा ब्लॉग जिच्या संगणकांवर होता त्या होस्टिंग कंपनीकडे बॅकअप, म्हणजे राखीव प्रत, मागितला. दर वेळी नवा माणूस, तीच दिलगिरी आणि तोच प्रश्न, की आपले डोमेन कोणते? पुढच्या मंगळवारी उत्तर आले, की बॅकअप फक्त सात दिवसांचा ठेवला जातो. मी विचारले त्या दिवशी तो त्यांच्याकडे होता, हे लिहितानाही माझा पारा चढतो, असो.

आकडे फुगलेले दिसले तरी हुरळून जाऊ नये. त्याच वर्षी माझ्याकडे रशियातून शेकडो भेटी होऊ लागल्या आणि तेथे वैद्यकीय शिक्षण घेणारी आपली मुले वाचत असावीत, असे मी घरी अभिमानाने सांगितले. त्या भेटी स्पॅमच्या, म्हणजे खोट्या, होत्या. त्यांतील कित्येक तर माझ्या पानावर न येताच थेट ॲनालिटिक्समध्ये नोंदवल्या जात होत्या. उलट, आपला लेख कोणी व्हॉट्सॲपवर चिकटवून, बहुधा आपले नाव गाळून, चार गटांत फिरवला, तर ते वाचक कोणत्याच तक्त्यात येत नाहीत.

मी संगणकतज्ज्ञ नाही आणि जाहिरातींच्या उत्पन्नावर ज्यांचे घर चालते, त्यांना माझे म्हणणे लागू पडणार नाही. जुनी आवृत्ती २०२३ मध्ये बंद झाली असून नव्या आवृत्तीत दहा सेकंदांहून अधिक काळ टिकलेली भेट निदान वेगळी मोजली जाते, हेही मान्य आहे. तरीही माझे मत असे, की रोजचे आकडे हौशी लेखकाच्या काही कामाचे नाहीत. महिन्यातून एकदा सर्च कन्सोल हे गूगलचे दुसरे साधन उघडावे आणि लोक कोणते शब्द शोधत आपल्यापर्यंत आले, एवढेच पाहावे. त्यातून मला विषय मिळाले, भेटींच्या आलेखातून कधीच नाही. आपण ब्लॉगर या गूगलच्या ब्लॉगसेवेवर असाल, तर स्वतःच्या भेटी न मोजण्याचा पर्याय आधी निवडा. ३१ पैकी काही आपणच असण्याची शक्यता आहे.

एक विषयांतर करते. लेखांची प्रत अधूनमधून उतरवून ठेवा आणि छायाचित्रे वेगळी जपा, कारण ब्लॉगरवरून उतरवलेल्या प्रतीच्या फाइलमध्ये छायाचित्रे येत नाहीत. मला वेबॅक मशीन या जुनी वेबपाने जपणाऱ्या संकेतस्थळावर पुसलेल्यांपैकी १४ लेखांचा मजकूर सापडला, पण छायाचित्रे जवळजवळ नाहीतच. त्यांतील एका वीरगळाच्या खालच्या चौकटीत, वीराच्या पायाशी, तीन गाई कोरलेल्या होत्या. पुन्हा छायाचित्र काढावे म्हणून मी दोन वर्षांनी त्या गावी गेले, तेव्हा दगडाला ऑइल पेंटचा जाड थर लावलेला होता आणि गाई त्याखाली बुजल्या होत्या.